हात मांडीवर

मुलाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या बुटांकडे बघायचं, ही सरांची पद्धत. संगीताच्या खोलीच्या दारात उभे राहायचे, मान खाली, नजर रांगेतल्या पायांवर. बूट मळके असले, नाडी सैल असली, की उजव्या हाताची दोन बोटं हवेत हलायची. म्हणजे बाहेर. रांग संपली की मान वर करून म्हणायचे, "आधी जबाबदारी, मग सूर. काय?" आणि पोरं एका दमात म्हणायची, "आधी जबाबदारी, मग सूर!" सूर त्या खोलीत फारसा कधी पोचला नाही. ते वाक्य मात्र अजून माझ्या कानात बसलंय.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. ऑफिसात, सोसायटीच्या कमिटीत, लग्नाच्या हॉलवर. ज्याला स्वतःचं काम येत नाही तो दुसऱ्याच्या शिस्तीवर जगतो. आमच्या बाळकुमच्या शाळेत तो वाद्यवृंदाचा सर होऊन आला होता. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते. माझी प्रयोगशाळा आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, त्यामुळे त्यांचं कर्तृत्व मी रोज ऐकलं आहे.

सरांच्या खोलीत भिंतीवर नियमांचा मोठा फलक होता. नखं कापलेली हवीत. डोक्याला तेल नको. वाद्याला हात लावण्याआधी नमस्कार. सरावाला गैरहजर राहिल्यास पालकांना घेऊन येणे. खोलीत पाणी पिऊ नये. आणि सगळ्यात शेवटी, सरांचा लाडका नियम, लाल अक्षरात: 'वाजवत नसाल तेव्हा पाठ ताठ, हात मांडीवर.' ज्या खोलीत पोरांना पाणी प्यायची बंदी होती, त्याच खोलीत सर हार्मोनियमच्या झाकणावर वर्तमानपत्र पसरून वडापाव खायचे. चटणी सांडायची. ती पुसायची जबाबदारी अर्थातच पेटीवाल्या मुलीची.

स्वतः सर डोंबिवलीहून बाईकवर यायचे आणि कधीच वेळेवर यायचे नाहीत. पोरं पांढऱ्या बुटांत ताटकळत उभी असायची. मग हेल्मेट काखेत मारून सर यायचे. "अरे, शीळफाट्याला अडकलेलो! काय ट्रॅफिक!" हे म्हणता म्हणता नजर बुटांकडे. शीळफाट्याला सगळेच अडकतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एकदा एक तबलेवाला मुलगा म्हणाला, "सर, मी पण कोलशेतच्या सिग्नलला अडकलेलो." त्याला दोन बोटं दाखवून बाहेर काढलं. "तुझं कारण आहे. माझी अडचण आहे. फरक कळतो का?"

सरांचा खरा अभिमान म्हणजे व्हायोलिनची रांग. ठाण्यातल्या कुठल्या शाळेच्या वाद्यवृंदात इतकी व्हायोलिनं नाहीत, असं ते येईल त्याला सांगायचे. रांग दिसायची मात्र छान. सगळे बो एकदम वर, एकदम खाली. बो म्हणजे व्हायोलिनच्या तारांवरून फिरवायची ती काठी, घोड्याचे केस ताणून बसवलेली. व्हायोलिन पोरांनी घरी न्यायचं, पण बो शाळेतच, सरांच्या कपाटात, कुलूपबंद. प्रत्येक बोवर मुलाच्या नावाची चिकटपट्टी. दुसऱ्याचा बो हातात घेणं म्हणजे गुन्हा. "बो म्हणजे शस्त्र. शस्त्र घरी न्यायचं नसतं," असं सर म्हणायचे आणि पालक माना डोलवायचे. मलाही तेव्हा वाटलं होतं, चला, निदान एवढी तरी काळजी घेतात.

त्या रांगेत आठवीतली दर्शना होती. बाळकुमच्या जुन्या गावठाणातली. तिच्या आजोबांच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत, आणि तिचे वडील गळ्यात जाड चेन घालून त्याच टॉवरच्या गेटसमोर खुर्ची टाकून बसतात. बोलणं रांगडं, पण पोरीवर फार जीव. घराण्यात कुणी कधी वाद्याला हात लावलेला नव्हता, म्हणून त्यांना या व्हायोलिनचं कोण कौतुक.

आदल्या वर्षीच्या गॅदरिंगला ते माझ्या शेजारी बसले होते. वाद्यवृंद सुरू झाला तसे त्यांनी डोळे मिटले आणि माझ्याकडे झुकून विचारलं, "म्याडम, यान आमचे पोरीचा आवाज कंचा?"

मला काय कळणार? मी म्हटलं, "सगळ्यांचा मिळूनच असतो हो."

त्यांचं समाधान झालं नाही. डोळे मिटून ऐकत राहिले. थोड्या वेळाने चेहरा उजळला. "तो बारीकसा येतंय ना, मधीच? तो. तो आमचे दर्शूचा. बारीक हाय, पन गोर हाय." गोर म्हणजे गोड. पुढे कितीतरी दिवस ते गावात तेच सांगत होते.

दर्शना नियम पाळणाऱ्यांतली. बूट असे पांढरे की सरांनाही बोटं हलवायला जागा नाही. सरावाला एकदाही गैरहजर नाही. एकदा मधल्या सुट्टीत मी तिला पाण्याने भरलेली बाटली हातात धरून वर-खाली करताना पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, माझ्या हाताला वजन नाहीये. म्हणून माझं वाजत नाही. सर म्हणाले, हाताचं वजन वाढव, ती तुझी जबाबदारी."

मी हसले आणि पुढे गेले. संगीतातलं असेल काहीतरी, असं वाटलं.

मग वर्गात ध्वनीचा धडा आला. तार कंप पावते, हवा कंप पावते, वगैरे. मी दर्शनाला म्हटलं, उद्या व्हायोलिन आण, सगळ्यांना दाखवू. सर नेहमीप्रमाणे शीळफाट्याला होते, म्हणून शिपायाने त्याच्याकडच्या किल्लीने कपाट उघडून तिचा बो काढून दिला. तिने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, पाठ ताठ केली आणि बो फिरवला. काहीच नाही. कोरड्या ताटावरून बोट फिरवल्यासारखं जरासं सळसळलं, बस. पोरं खिदळली. दर्शना लाल झाली. "सांगितलं ना मॅडम, माझा हातच वाईट आहे."

मी बो हातात घेतला. केस गुळगुळीत, स्वच्छ, चकचकीत. घर्षण नसेल तर तार हलणार कशी? हे मी पोरांना दरवर्षी शिकवते. शिपायाला सांगून पुढच्या रांगेतल्या एका मुलाचा बो मागवला. त्याच्या केसांवर पांढरी पूड होती, बोटाला चिकटत होती. ती राळ. केसांना राळ घासल्याशिवाय व्हायोलिन बोलतच नाही. कपाटापाशी जाऊन मी सगळे बो बघितले. दर्शनासकट मागच्या रांगेतल्या चार मुलांच्या बोंना राळेचा कणही लागलेला नव्हता. बाकीच्या सगळ्यांना होती.

वायरला डाग देऊन जोडायच्या कामाला आम्ही प्रयोगशाळेत राळ ठेवतोच. तिचा खडा काढून मी दर्शनाच्या बोवर चांगला घासला. "आता वाजव."

तिने बो फिरवला आणि व्हायोलिन किंचाळलं. कर्कश, बेसूर, अंगावर शहारा आणणारा आवाज. पोरांनी कान झाकले. दर्शना मात्र बोकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, म्हणजे माझा हात चांगला आहे?"

मी तडक सरांच्या खोलीत गेले. ते नुकतेच आले होते, वडापावचा कागद उघडत होते. मी विचारलं आणि त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. स्टेजचं गणित वेगळं. व्हायोलिनं जास्त दिसली पाहिजेत आणि बेसूर कमी ऐकू आलं पाहिजे. कच्ची पोरं मागे बसवायची, बो कोरडा द्यायचा. कुणाचं काय जातं?"

"तिचं अख्खं वर्ष गेलं."

"आता ऐकलंत ना कसं वाजवते? म्हणूनच."

"आवाजच ऐकला नाही तर ती सूर शिकणार कशी?"

यावर त्यांनी वडापावचा एक घास घेतला. मग खिडकीबाहेर बघत, वेगळ्याच आवाजात म्हणाले, "डोंबिवलीत एका ऑर्केस्ट्रात मीही असाच बसलेलो, मागच्या रांगेत. नुसता हात चालव म्हणायचे. घरचे येऊन बसायचे समोर."

"वाईट नाही वाटलं?"

"सवय होते हो."

क्षणभर मला त्या माणसाची दया आली, खोटं कशाला सांगू. समोर बसलेले घरचे आणि मागे नुसता हात चालवणारा तरुण पोरगा डोळ्यांसमोर आला. तेवढ्यात सरांनी दर्शनाचं व्हायोलिन पुसायचं फडकं उचललं आणि त्याला तेलकट हात पुसले. दया तिथेच संपली. ज्याने हे सोसलं नाही त्याने केलं असतं तर मी अडाणीपणा म्हटलं असतं. याला सगळं ठाऊक होतं.

मी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्या म्हणाल्या, "स्टेज भरलेला दिसतो हो त्यामुळे. गॅदरिंग होऊन जाऊ दे, मग बघू." सरांनी दर्शनाच्या बोवरची राळ पुसून काढली आणि फलकावर नवा नियम लिहिला: 'वाद्यास बाहेरील पदार्थ लावू नये.' मी दर्शनाला सगळं खरं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅडम, बाबांना सांगितलंत?" मी नाही म्हटलं. "नका सांगू. ते सगळ्या भाऊकीला घेऊन येणारेत."

आणि ते आलेच. काका, काकू, आत्या, पोरंबाळं, दोन रांगा भरून. दर्शनाचे वडील सगळ्यात पुढे. पडदा उघडला. सरांनी जरीचं जाकीट घातलं होतं. त्यांनी प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला, पाठ फिरवली आणि छडी उचलली. सगळे बो एकदम वर गेले. दर्शनाच्या वडिलांनी डोळे मिटले.

छडी खाली आली आणि दर्शनाने बो तारेवर टेकवलाच नाही. तो शांतपणे गुडघ्यांवर आडवा ठेवला. व्हायोलिन खाली घेतलं. पाठ ताठ, हात मांडीवर. अगदी फलकावर लिहिलंय तसं.

सरांनी छडी तिच्याकडे रोखली. ती समोर बघत राहिली. पुन्हा रोखली. तिच्या शेजारच्या मुलाने तिच्याकडे पाहिलं, घाबरून सरांकडे पाहिलं, आणि त्यानेही बो खाली ठेवला. मग पलीकडच्या दोघांनी. मागची अख्खी रांग हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि धून तशीच चालू होती. आवाज रतीभरही कमी झाला नव्हता.

प्रेक्षकांत आधी कुजबुज झाली. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. सरांची मान जाकिटात रुतत चालली होती, पण हात हलवणं त्यांनी थांबवलं नाही. ते त्यांना चांगलंच जमायचं.

कुजबुजीने दर्शनाच्या वडिलांनी डोळे उघडले. पोरीकडे बघितलं. बाकीच्या व्हायोलिनांकडे बघितलं. कार्यक्रम संपेपर्यंत पुन्हा डोळे मिटले नाहीत. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "म्हंजे मांगल्या वर्साला पन तो तिचा नव्हता?"

"नव्हता," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

ते चेनशी चाळा करत उभे राहिले. त्यांनी सरांना चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण ते भाऊकीला घेऊन निघून गेले.

सरांनी दुसऱ्या दिवशी दर्शनाला वृंदातून काढायची मागणी केली. कारण काय, तर बेजबाबदार वर्तन. पण तोवर बाकीच्या तिघांचे पालक शाळेत येऊन बसले होते, आणि मुख्याध्यापिकांना अचानक शिस्तीपेक्षा सूर महत्त्वाचा वाटू लागला. सर गेले. जाताना बो, कपाटाची किल्ली, सगळं चोख सोपवून गेले. कुणी निरोप दिला नाही. हल्ली कल्याणच्या एका शाळेच्या भिंतीवर त्यांचा फ्लेक्स आहे, त्याच जरीच्या जाकिटात. मागे व्हायोलिनची आमच्यापेक्षा लांब रांग, सगळे बो एकदम वर. फोटोत राळ दिसत नाही. मला त्या माणसाचा तेव्हा तिटकारा होता आणि आजही आहे.

त्यांची खोली आता रिकामी असते. फलक कुणी काढला नाही. मधल्या सुट्टीत दर्शना तिथे जाऊन बसते आणि मी दिलेला राळेचा खडा घासून वाजवते. शिकवायला अजून कुणी मिळालेलं नाही. भिंतीपलीकडे बसून मी दात आवळून ऐकते.

परवा तिचे वडील तिला न्यायला आले. घरात कुणाची तरी हळद होती, गाडी खाली उभी होती. व्हरांड्यात ते माझ्यापाशी थबकले. आतून एक लांब, खरखरीत, मध्येच घसरणारा आवाज येत होता.

"म्याडम," त्यांनी तोंड वाकडं करून विचारलं, "ह्यो आवाज कंचा?"

"तिचा," मी म्हटलं. "आत ती एकटीच आहे."

ते दाराकडे बघत राहिले. "लय वंगाल हाय," म्हणजे फार वाईट आहे, असं म्हणाले, आणि बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी डोळे मिटले. खालून गाडीचा हॉर्न दोनतीनदा वाजला. ते उठले नाहीत.