शाई ओली हाय

पंख्याशी जन्माचं वैर धरलेला माणूस अख्ख्या चिखलीत एकच, आणि तो नेमका माझा सख्खा काका निघाला. एसटीतली कंडक्टरकी संपल्यावर लोक देवळात जातात, पत्ते कुटतात. काकांनी शुभेच्छापत्रं करायला घेतली. दुधी बटर पेपरवर कापलेल्या भेंडीचा ठसा मारायचा आणि ते पान रिबिनीने कार्डावर बांधायचं. वर पाकळ्यांचं फूल, खाली कार्डावर धुक्यातून दिसावं तसं ज्याचं त्याचं नाव. दिसायचं सुरेख, यात वाद नाही. पण बटर पेपर शाई पीत नाही. ती वाळेपर्यंत पानं बैठकीत दोरीला टांगलेली असत आणि तोवर पंख्याच्या बटणाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. भर वैशाखात आलेल्या व्याह्यांच्या हाती काकांनी वर्तमानपत्राची घडी दिली आणि म्हणाले, "घ्या वारा. शाई ओली हाय."

घरात बारा महिने भेंडी शिजे. देठाकडचा तुकडा ठशाला, उरलेली आमच्या ताटात. काकू कुरकुरत, पण बाजारात सरळ, गोल भेंडी निवडत त्याच. कार्डाला निमित्त काहीही चाले. शेजाऱ्यांची गाय व्याली तेव्हा काकांनी तिच्या नावाने कार्ड नेऊन दिलं. शेजारी गोंधळले. "कंडक्टरसाहेब, हे गाईले दाखवू काय?" काका गंभीरपणे म्हणाले, "दाखवा ना. तिचंच तं हाय."

काकूंच्या नावाचं कार्ड मात्र कधी झालं नाही. "साऱ्या गावाले कार्डं, मले काऊन नाही?" असं त्या हसत विचारत, आणि काका म्हणत, "तू तं घरातच हायस."

गेल्या उन्हाळ्यात काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही सगळेच समजलो. बैठकीत खाट टाकली आणि काका त्यांच्या उशाशी कार्ड करायला बसले. भेंडीही त्यांनीच चिरली, बोट कापून घेतलं. एवढं मोठं फूल त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. पान दोरीला लावलं तेव्हा दुपार टळायची होती. काकूंना दम लागला होता, मान घामाने भिजली होती. मी पुठ्ठ्याने वारा घालत होतो. काका उठले आणि त्यांनी पंखा पाचावर केला.

पान सुटलं, भिंतीला घासत खाली आलं. फुलाचा नुसता निळा ओघळ झाला. काकू पुटपुटल्या, "अवो, बंद करा. शाई ओली हाय."

"राहू दे," काका म्हणाले.

त्यांनी ते फिसकटलेलं पान तसंच कार्डावर बांधून काकूंच्या हातात दिलं. काकूंनी बोटाने पान जरा वर उचलून आपलं नाव पाहिलं. "दुसरं नका करू, हेच चांगलं हाय," म्हणाल्या. आठवडाभरात त्या गेल्या. मला रडू आलं ते त्या दिवशी नाही, नंतर एकदा ताटात भेंडी आली तेव्हा.

परवा, ऐन थंडीत, काकांकडे गेलो. दोरी रिकामी होती, काकूंची खाट अजून तिथेच होती, आणि तिच्यावर पंखा जोरात फिरत होता. मला हुडहुडी भरली. "काका, बंद करू का?" मी उठून बटणाला हात लावत विचारलं.

"राहू दे बाबू," ते खाटेकडे पाहत म्हणाले, "तिले लय गरमी होते."

मी बटणावरचा हात काढला आणि शाल घट्ट ओढून त्यांच्याजवळ बसून राहिलो.