नातीसाठी रंगवलेली खोली

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, रंगारी. घरभर उग्र दर्प सुटला की काम चोख झालं, असा त्यांचा ठोकताळा. वर्षानुवर्षं थिनर हुंगून त्यांचं नाक कामातून गेलं होतं, ती गोष्ट वेगळी. ताई म्हणायची, दूध करपलं तरी यांना धूर दिसल्यावर कळतं.

नातीचं राहायला यायचं ठरलं तेव्हा पंचाईत झाली. पोरीला दमा. मागच्या खेपेला ताज्या रंगाने तिची छाती भरून आली आणि लेक तिला घेऊन परत गेली होती. या वेळी तसंच झालं तर पुन्हा आणणार नाही, असं लेकीने फोनवर स्पष्ट सांगितलं.

दाजींनी दुकानदाराचा पिच्छाच पुरवला. सुगंधी रंगाचा डबा त्यांनी बाजूला सारला. सुगंध वासावर पांघरूण घालतो, वाफ कमी करत नाही, हे त्यांनी खोदून विचारून घेतलं होतं. शेवटी वाळताना अपायकारक वाफ अगदी कमी सोडणारा, पाण्यात कालवायचा रंग आणला. भिंती फिकट पिवळ्या केल्या आणि खिडक्या सताड उघड्या ठेवून खोली खडखडीत वाळू दिली. वासच येईना, तेव्हा जोडीदार रंगाऱ्यांनी विचारलं, भिंत रंगवली की नुसती पुसली?

नात आली, नव्या खोलीत नाचली आणि थोड्याच वेळात खोकू लागली. लेकीने बॅग उचलली. दाजींनी भिंतीला नाक लावून पाहिलं, पण त्या नाकाचा काय उपयोग?

ताईने दारातच नाक मुरडलं आणि ती थेट पलंगाखाली वाकली. उरलेला रंग टाकायचा नाही, हा दाजींचा बाणा. अर्धे डबे, थिनरच्या बाटल्या, ऑइलपेंटच्या चिंध्या, असा सगळा संसार तिथे. रंगकामासाठी त्यांनी तो बाहेर काढला होता आणि नंतर निगुतीने जिथल्या तिथे ठेवला होता.

"अहो, भिंतींचं पथ्य पाळलंत आणि विष पलंगाखाली ठेवलंत," ताई म्हणाली.

"कधीतरी कामाला येतं गं ते."

"मग तुम्हीच झोपा त्याच्याशेजारी. पोर माझ्याजवळ झोपेल."

लेकीला हसू फुटलं. तिने बॅग खाली ठेवली. दाजींनी एकेक डबा अंगणापलीकडच्या शेडमध्ये हलवला. एका निळ्या डब्यापाशी जरा रेंगाळले, पण तोही गेला. खोली रात्रभर उघडी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात तिथे झोपली. दाजी दारात खुर्ची टाकून तिचा श्वास ऐकत बसले. बसल्या बसल्या त्यांचाच डोळा लागला. जरा वेळाने नातीने येऊन त्यांना हलवलं.

"आजोबा, बाहेर जाऊन घोरा ना. मला झोप येतेय."