बाळ्याचा दमा

माझी आत्या तुकड्यातुकड्यांनी बोलायची. "पोरी, चहा... ठेवला का?" दोन शब्दांच्या मध्ये ती श्वासासाठी थांबायची आणि तेवढ्यात तिच्या छातीतली शिट्टी ऐकू यायची. परक्या माणसाला वाटायचं, बाई फार विचार करून बोलते. विचारबिचार काही नव्हता, दमा होता. ती थांबली असताना दुसऱ्या कुणी तोंड उघडलं, की लगेच हात वर व्हायचा. "मी बोलून राह्यले न्हाई का? थांब... की जरा!" आत्या गेली, तरी कुणी बोलता बोलता अडखळलं की मी अजून तिचेच शब्द यायची वाट बघते. मला तिची फार आठवण येते.

खरं तर हा दमा तिचा नव्हताच. निदान तिच्या मते नव्हता. लहानपणी दमा होता माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला. वडीगोद्रीच्या घरी थंडी पडली की आत्या त्यांना मांडीशी टेकवून बसवायची आणि छातीला तेल चोळायची. एकदा ते निळे पडले, तेव्हा नुकत्याच शहाण्या झालेल्या आत्यानं गावच्या देवीपुढं हात जोडले, "बाळ्याचा दमा मला दे." पुढं वर्ष-दोन वर्षांत बाबांचा दमा सुटला. आत्या लग्न होऊन आष्टीला गेली आणि पहिल्या बाळंतपणात तिची छाती वाजायला लागली. देवीनं ऐकलं, याबद्दल घरात कुणालाही शंका उरली नाही.

बाबा जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या मिलमध्ये. भट्टीचा धूर, लोखंडाची भुकटी. घरी आले की रुमाल काळाकुट्ट. पण श्वास साफ! आत्याला त्याचा कोण अभिमान. आष्टीहून आली की पिशवी खाली ठेवायच्या आत ती बाबांच्या पाठीला कान लावायची. बाबांच्या मिशा पिकल्या तरी ही तपासणी काही सुटली नाही. "बाळ्या, सास घे. मोठा घे... बिलकुल साफ!" मिरची भाजायची असली की बाबांना आधी अंगणात हाकलायची आणि स्वतः चुलीपुढं खोकत बसायची. आईनं झारा मागितला तरी द्यायची नाही. "माझ्याकडं तर हायेच तो. तू कशाला... धूर खाती?"

एकदा त्रास फारच वाढला, तेव्हा बाबा आणि मी तिला जालन्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी देवीची सगळी हकिगत न हसता ऐकली. मग म्हणाल्या, "आजी, लहानपणी दमा मुलींपेक्षा मुलांना जास्त असतो, आणि मोठं होताना पुष्कळ मुलांचा कमी होतो. बायकांचं उलटं. पाळी सुरू झाल्यावर, बाळंतपणात तो नव्यानं डोकं वर काढतो. त्यात तुमची जन्मभराची चूल. भावाचा नाही हो, हा तुमचाच दमा आहे. हा औषधाचा पंप देते, रोज तोंडात धरून ओढायचा." बाबांनाही त्यांनी सोडलं नाही. कारखान्याच्या धुळीनं पुरुषांना मोठेपणीही दमा धरतो, तोंडाला बांधून काम करत जा, म्हणाल्या. एवढ्या सगळ्यातलं आत्याच्या कानात शिरलं ते हे शेवटचंच. बाळ्याला पुन्हा दमा धरू शकतो.

"डाक्टरीणबाई शिकलेल्या हायेत," बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पण माझं बोलणं... देवीशी झाल्तं. मी हा पंप ओढला अन् दमा निघाला, तर जाईल कुठं? आधीच्याच घरी... जाईल ना?" बाबा चिडले, त्यांनी हात जोडले, स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. आत्यानं पंप आष्टीला नेला, देव्हाऱ्यात ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. जुना झाला की मी नवा पाठवायचे, त्यालाही हळदकुंकू. फोनवर विचारलं, "आत्या, पंप घेतलास का?" तर म्हणायची, "घेतला की, बराबर घेतला." हे धडधडीत खोटं ऐकायला तो नंबर लावावा असं आजही वाटतं.

बाबा गेले ते हृदय बंद पडून, बसल्या जागी. आत्या आली ती भिंतीला टेकून बसून राहिली. तिला रडतासुद्धा येईना. रडायलाही श्वास लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता. आम्ही पाठ चोळायचो, गरम पाणी द्यायचो, बाकी काही सुचायचं नाही. तेराव्याची पंगत उठल्यावर तिनं मला जवळ बोलावलं आणि कनवटीचा पंप काढून पुढं धरला.

"कसा ओढत्यात... दाखीव."

"आत्या, आज?"

"आता कुणाकडं... जाईल तो?"

मी दाखवलं. तिनं दोनदा ओढला आणि डोळे मिटून बसली. थोड्या वेळानं तिनं एक श्वास घेतला, मग आणखी एक, आणि माझ्याकडं बघतच राहिली.

"तुमा सगळ्यांला असंच वाटतं व्हय गं?"

मी मान हलवली.

"मंग बाळ्याला बी इतकी सालं असंच वाटलं असंल," आत्या म्हणाली, आणि मग ती पोटभर रडली.