आक्काच्या नावावर

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचा नाष्टा झाल्यावर. बेळगाव, आमच्या घराची पुढची खोली. हजर: आप्पा, आई, आक्का आणि मी. गैरहजर: भाऊ, बंगळूरला, 'तू ठरवशील ते' असा निरोप पाठवून त्याने आपली हजेरी लावली होती. विषय: दक्षिण अमेरिकेची सहल, उरलेल्या बाबी.

मी शहराबाहेरच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. जे लागणार आहे ते लागायच्या आधी कपाटात असावं, एवढंच माझं काम. त्यामुळे घरात लग्न असो, ऑपरेशन असो की घराची रंगरंगोटी, यादी माझ्याकडे येते. ही सहलही तशीच आली.

आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण. घरात आम्ही सगळेच तिला आक्का म्हणतो, आईसुद्धा. ती निपाणीला एकटी राहते. आप्पा रांगत होते तेव्हा त्यांची आई गेली, आणि पोरसवदा आक्का त्यांना कडेवर घेऊन तंबाखूच्या वखारीत कामाला जाऊ लागली. पुढे तिचं लग्न झालं, दोन-तीन वर्षांत नवरा गेला, ती माघारी आली आणि पुन्हा त्याच वखारीत चाळणीपुढे बसली. त्या मजुरीवर आप्पा शाळा शिकले, कोल्हापूरला राहून इंजिनिअर झाले, वीज खात्यातून निवृत्त झाले. आमच्या गल्लीतला पहिला इंजिनिअर. हे आप्पा कुणालाही सांगतात आणि सांगताना आक्काचं नाव आधी घेतात.

तंबाखू मूळची दक्षिण अमेरिकेतली, हे आप्पांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि जेवताना जाहीर केलं की आक्काला तिथं न्यायचं. आई निवृत्त नर्स आहे, ती कुठल्याही बातमीने दचकत नाही. तिने फक्त वाढायचं थांबवलं. आक्का त्या दिवशी आमच्याकडेच होती. कर्नाटकात बायकांना बस फुकट झाल्यापासून ती मनात आलं की निपाणीहून निघते.

"आरं, तंबाखू बघायला एवढ्या लांब कशाला?" ती म्हणाली. "जलमभर नाकातनं गेलीया की."

आप्पा म्हणाले, तिथल्या डोंगराखाली ती उगवली कशी ते बघू. आक्काने विचारलं, तिकडं भाकरी मिळते का. मिळत नाही म्हटल्यावर तिला काळजी पडली, की मग ती माणसं काम कशी करतात. आप्पांना वाटलं ती नाही म्हणतेय. त्यांनी ताट सरकवून सांगितलं की आक्का नसेल तर मीही जाणार नाही.

"न्हाय कोन म्हनालं?" आक्का म्हणाली. "पर इमानबी फुकट करा म्हनावं."

असं ठरलं. जाणार तिघं: आप्पा, आई आणि आक्का. मग मी कामाला लागले.

सहलीच्या एजंटबाईंनी पाठवलेला पहिला आराखडा तरण्या माणसांचा होता. रोज नवं गाव, पहाटेची विमानं, आणि मधे पेरू-बोलिव्हियातली डोंगरावरची दोन शहरं, जिथं उतरल्याबरोबर धडधाकट माणसालाही धाप लागते. आप्पांच्या हृदयात दोन स्प्रिंगा, म्हणजे स्टेंट, घातलेल्या आहेत. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं, सहल करा, पण एवढ्या उंचीवर नको, दगदग नको. दवाखान्याचा जिना उतरताना आप्पा मला म्हणाले की डॉक्टर सगळ्यांना हेच सांगतात, तू काही बदलू नकोस. आणि ते जिना भराभर उतरले, मला दाखवायला.

घरी येऊन मी आराखडा त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, तुमचं राहू द्या, पण आक्काच्या छातीत आयुष्यभराची तंबाखूची धूळ आहे. या उंचीवर तिला श्वास पुरेल का? आप्पांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि दोन्ही शहरं स्वतःच्या हाताने खोडली. वर मलाच म्हणाले की हे तुझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

तेव्हापासून मी तीच वाट धरली. विमानतळावर चाकाची खुर्ची: आक्कासाठी. हॉटेलात लिफ्टजवळची खोली: आक्काला चालवत नाही. दुपारी जेवणानंतर काहीच ठेवायचं नाही: आक्काला झोप लागते. प्रत्येक गावात सलग मुक्काम, लांबच्या विमानप्रवासानंतर एक दिवस नुसता बसायचा. अर्जेंटिनातल्या मोठ्या धबधब्याकडे चालत नाही, छोट्या आगगाडीने. उत्तर अर्जेंटिनातलं साल्टा मात्र ठेवलं; ते डोंगरांच्या पायथ्याशी आहे, फार उंच नाही, आणि तिथल्या खोऱ्यांत आजही तंबाखू पिकते. पिवळ्या तापाची लस साठीच्या पुढच्यांना सरसकट देत नाहीत, तेव्हा तिघांचे कागद घेऊन मी पुन्हा डॉक्टरांना भेटून आले. ते काम मार्गी लागलं. आप्पांनी प्रत्येक ओळ वाचली आणि आक्कासाठी म्हणून मंजूर केली. उलट मलाच सुचवू लागले, आक्काला खिडकीची जागा दे, आक्काचे पाय सुजतील, मोजे घे. मोजे मी तीन जोड घेतले. आप्पा म्हणाले, आता आणलेच आहेत तर घालतो.

आक्काला मी काहीच सांगितलं नव्हतं. पण चाकाच्या खुर्चीचं मी पहिल्यांदा बोलले तेव्हा तिने बशीतून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ती बस स्टँडवरून आमच्या घरापर्यंत चालत आली होती, खांद्याला ज्वारीच्या पिठाची पिशवी. तिने चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "व्हय, माजं गुडघं लई धरत्यात." ऐंशीला टेकलेल्या या बाईचे गुडघे दुखल्याचं त्याआधी मी कधी ऐकलं नव्हतं.

मग ती महिनाभर आमच्याकडेच राहिली, सरावाला म्हणून. संध्याकाळी आप्पा तिला फिरायला नेत. मी एकदोनदा मागून गेले. प्रत्येक बाकाशी आक्का थांबायची, "बस रं जरा, दम लागला," म्हणायची, आणि दम लागलेले आप्पा तिच्या शेजारी बसायचे. तिचा श्वास संथ चालू असायचा. घरी आल्यावर आप्पा आईला सांगायचे की आक्काचं वय झालं. आई पाण्याचा तांब्या आधी त्यांच्या हातात द्यायची आणि मग आक्काच्या. आम्ही तिघी एकमेकींशी यावर एक अक्षर बोललो नाही.

त्या रविवारी उरलेल्या बाबी दोन होत्या, दोन्ही विम्याच्या. पहिली: कुणाला आधीचा काय आजार आहे ते ज्याच्या त्याच्या नावाने स्वच्छ लिहायचं, लपवलं तर विमा कामाचा नाही. दुसरी एजंटबाईंनी वेगळी सांगितली होती. सहलीत कुणी दगावलं तर काय करायचं, देह परत आणायचा की तिथंच दहन, हे त्या वयस्क माणसांकडून निघण्याआधीच लिहून घेतात. नंतर फोनवर विचारावं लागलं, तर घरातली चार माणसं चार गोष्टी सांगतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. असल्या गोष्टी घरात बोलत नाहीत हे मला माहीत आहे, पण नंतर बोलायची वेळ आली तर ती माझ्यावर येणार, हेही माहीत आहे.

म्हणून मी दुसरी बाब आधी घेतली, आईपासून. ती खंबीर आहे. तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "मला आणा. कितीही दिवस लागू देत. बुद्धविहारातली माणसं येतील, माहेरची चिकोडीहून येतील." मी लिहिलं.

आक्का म्हणाली, "मला तितंच जाळा. राखबी आनू नका, पिशवीत वजन कशाला."

आप्पांना ते लागलं. ते म्हणाले, असं बेवारशासारखं काय बोलतेस, मी आहे की. आक्का म्हणाली, "तू तितंच असनार न्हवं? मग झालं. तिसरण तितंबी म्हनता येतं. तुला पाठ हाय का न्हाय?"

आप्पा हसले, पण डोळे भरलेले दिसले. मी लगेच पहिल्या बाबीकडे वळले, म्हटलं आधी आजार उरकू. आप्पा सांगू लागले: आक्काचा खोकला लिही, दमा लिही, गुडघे लिही. मी म्हटलं, डॉक्टरांनी तपासलंय, आक्काला दमा नाही. जे नाही ते लिहिता येत नाही. आणि तुमच्या स्प्रिंगा लिहाव्या लागतील.

आप्पा म्हणाले ते जुनं झालं, मी ठणठणीत आहे. मी म्हटलं, जुनं असलं तरी लिहावं लागतं. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, उलटा करून टीपॉयवर ठेवला. त्यांचं म्हणणं, सगळी सहल आक्काच्या तब्येतीवर बेतली आहे, तर कागदही तिच्या तब्येतीचेच द्यावेत. आणि म्हणाले, तो दुसरा प्रश्न माझ्यापुरता आक्कालाच विचार. ती सांगेल तसं. लहानपणापासून तीच सांगत आलीय.

आक्का तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"हे बघ," ती म्हणाली. "चाकाची खुर्ची माज्या नावावर. दुपारची झोप माज्या नावावर. लिफ्टजवळची खोली माज्या नावावर. समदं घेतलं का न्हाय म्या? काय बोलले? पर मरान माज्या नावावर घालू नगंस. ते ज्याचं त्यानं सांगावं."

आप्पांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. आईने नजर वळवली नाही. त्यांनी आक्काला हळू आवाजात विचारलं, "म्हणजे ते बाकावर बसणं?"

"मी रोज बाजार चालत करते रं," आक्का म्हणाली.

आप्पा उठून गॅलरीत गेले. सहल मोडली असं मला वाटलं. आईने मला खुणेने बसवून ठेवलं. ते कठड्याला धरून रस्त्याकडे बघत उभे होते, त्यांच्या पाठीवरून काही कळत नव्हतं. आक्काने सूप पुन्हा पुढे ओढलं, पण खडे निवडले नाहीत. नुसते तांदूळ बोटांनी इकडचे तिकडे करत राहिली. माझ्या कानात मात्र तिचं ते मरणाचं वाक्य होतं. या बाईने आप्पांचं सगळंच उचललं होतं, अगदी लहानपणच्या दुपट्यापासून, आणि एवढी एकच गोष्ट तिने खाली ठेवली. तिला त्या गोष्टीचा हिशोब नीट कळला होता. आप्पांनी तिथंच ठेवा म्हटलं, तर तिला त्यांना तिथं ठेवून निपाणीला परत यावं लागणार. आणा म्हटलं, तरी त्यांच्या मागे उरावं लागणार. हे तिला स्वतःच्या तोंडाने ठरवायचं नव्हतं.

आप्पा आत आले आणि खुर्चीत बसले.

"लिही," ते मला म्हणाले. "हृदयात दोन स्प्रिंगा. साल फाइल बघून घाल. गोळ्या तुझ्याकडे आहेतच." मी लिहू लागले. ते थांबले, मग म्हणाले, "चाकाच्या खुर्च्या दोन मागव."

"मला कशाला?" आक्का म्हणाली. "एकच मागीव."

"बस गं," आप्पा म्हणाले. "एवढं केलंस, आता अजून थोडं कर."

 आक्काने पदराने नाक पुसलं आणि नातीला दटावावं तसं मला दटावलं, की आता बघत काय बसलीस, दोन लिही. मी दोन लिहिलं.

मग मी विचारलं, आणि शेवटचं, आप्पा? त्यांनी आक्काकडे पाहिलं. ती मान वर करेना. आई आत गेली, कुकर लावायला. आप्पा म्हणाले, ते आज राहू दे.

त्या रविवारची बैठक तिथं संपली. सोमवारी मी कागद पाठवले: आजार, गोळ्या, डॉक्टरांचं पत्र, दोन खुर्च्या, आईचं उत्तर, आक्काचं उत्तर. एजंटबाईंचा फोन आला की एक राहिलंय. मी म्हटलं, देते. आक्का निपाणीला परत गेली आहे, रोज संध्याकाळी फोन करते. जेवलीस का, असं विचारत नाही, आधी विचारते, "इचारलंस का गं?" आई म्हणते तूच विचार, मी विचारलं तर त्यांना वाटेल मला त्यांच्या तब्येतीत काही दिसतंय. भाऊ म्हणतो, तू ठरवशील ते.

आप्पा आता एकटे फिरायला जातात आणि बाकावर बसतात. परवा मी मुद्दाम बरोबर गेले. ते बसले, मी शेजारी बसले. त्यांनी साल्टाच्या हवामानाचं विचारलं, तिथं तेव्हा थंडी असेल का. मी सांगितलं, सकाळी असेल, स्वेटर घेतलाय. मग ते म्हणाले चला, आणि आम्ही उठलो.

दोन्ही उत्तरांची माझी तयारी झालेली आहे. आणायचं असेल तर दूतावासात कुणाला फोन करायचा, कुठले कागद लागतात. तिथंच असेल तर कुठल्या गावात दहनाची सोय आहे, आक्काजवळ कोण थांबेल. सगळं लिहून ठेवलंय. आप्पांना विचारायचं राहिलंय.