काचेवरची फुली

काचवाल्याला आयुष्यात दोनच गोष्टी नीट कळत होत्या: काच आणि ताई. ताई कळते हा त्याचा भ्रम होता, आणि पुढे काच कळते हाही भ्रमच निघाला. पण जरा दमानं घेऊ.

माणूस साठीला टेकलेला. पस्तीस वर्षं दुकानांना, शाळांना, दवाखान्यांना काचा बसवल्या. लग्न वेळेत जमलं नाही, आणि वेळ गेल्यावर त्याने जमवलं नाही. सगळी गल्ली त्याला काचवालाच म्हणायची. ‘धाकट्या’ म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा आणि ताई सोळाची. त्याला जेवू घालण्यापासून शाळेत मार खाऊन आला की मास्तरांशी भांडायला जाण्यापर्यंत सगळं तिने केलं.

तिसऱ्या मजल्यावरचं त्याचं घर म्हणजे काचेचं दुकानच. रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये सरकतं दार, तेही काचेचं. ‘काच दिसली म्हणजे काम फसलं,’ हे त्याचं ब्रीद. रोज सकाळी सातला ओलं वर्तमानपत्र घेऊन तो सगळ्या काचा पुसायचा, न चुकता, ताप असला तरी. ताईचे यजमान, म्हणजे भावोजी, एकदा त्या सरकत्या दारावर असे आपटले की चष्म्याचे दोन तुकडे झाले. त्यावर या पठ्ठ्याने काय म्हणावं? “बघा भावोजी, आहे की नाही स्वच्छ!” भावोजी नाक चोळत बसले आणि ताईने पुढचे दोन महिने याच्याशी अबोला धरला.

त्या भावोजींना जाऊन आता तीन वर्षं झाली होती. ताई दुसऱ्या गावी एकटीच राहायची. एकटी म्हणजे एका बजीसोबत. बजी म्हणजे मुठीत मावेल एवढा हिरवा पक्षी, पोपटाचा धाकटा भाऊ म्हणा. त्याचं नाव मुकादम, कारण तो मान वाकडी करून सगळ्यांवर देखरेख ठेवायचा आणि कोणी जरा टेकलं की ओरडायचा. मागच्या महिन्यात ताई न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं. काचवाल्याने लगेच फोन केला. “ताई, बास झालं आता. माझ्याकडे ये, कायमची.”

“कायमचीबियमची काही नाही,” ताई म्हणाली. “पंधरा दिवस येते, बघते. आणि ऐक धाकट्या, मुकादम रोज सकाळी तासभर पिंजऱ्याबाहेर उडतो. त्याला तुझ्या घरात काही झालं, तर मी एक दिवस थांबणार नाही. आधीच सांगून ठेवते.”

“त्याला काय होणार माझ्या घरात?” असं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि मग दोन बाजूंना काचच काच असलेल्या त्या खोलीत तो उभाच राहिला. त्याला ताई हवी होती. ओट्याशी उभ्याउभ्या एकट्याने जेवायचा त्याला इतका कंटाळा आला होता की कधीकधी तो बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं द्यायचा.

झालं, चौकशी सुरू. पक्ष्यांच्या दुकानात गेला, तर दुकानदार म्हणाला, “पिंजऱ्यात आरसा लावा, पक्ष्याला सोबत वाटते.” घरी येतो तर खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात भेटल्या. त्यांनी स्वतः दहा वर्षं बजी पाळलेले. त्या म्हणाल्या, “घरातले सगळे आरसे आधी झाका. पक्षी आत जागा आहे समजून घुसायला जातो.” म्हणजे आरसा लावायचा की झाकायचा? खिडकी उघडी ठेवावी तर पक्षी भुर्रकन उडून जाणार, बंद ठेवावी तर काचेवर आपटणार. इकडे आड, तिकडे विहीर. नर्सबाई सांगतच होत्या: पंखा बंद, बादल्यांवर झाकणं, कपाटामागची फट बुजवा, आणि तो न चिकटणारा तवा आधी घराबाहेर काढा, तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतो.

“तव्याने?” काचवाला म्हणाला. “बाई, त्या तव्यावर मी सहा वर्षं जेवतोय.”

“तुम्ही पक्षी आहात का?” नर्सबाई म्हणाल्या. तवा गेला.

डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी त्याने घरातल्या झाडून सगळ्या चादरी काढल्या आणि काचांवर टांगल्या. स्वतःच्या काचांवर! टांगताना त्याचा जीव तीळतीळ तुटत होता.

ताई आली. उजव्या मनगटाला पट्टा, डाव्या हातात झाकलेला पिंजरा, मागे रिक्षावाला मोठी निळी बॅग उचलून. घरात पाऊल टाकलं आणि म्हणाली, “हे घर आहे की गोदाम?”

मुकादमचंही तेच मत पडलं. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी तो अंधारात बाहेर येईना, नुसता पिसं फुगवून बसला. चौथ्या दिवशी नर्सबाईंनी तोड काढली: चादरी काढा, काचांवर साबणाची वडी घासून आडवेउभे पट्टे ओढा, पक्ष्याला काच दिसेल. काचवाल्याने ओढले, आणि सकाळी सातचं पुसणंही मन मारून बंद ठेवलं. खोलीत उजेड आला, मुकादम उडाला, फेरी मारून ताईच्या खांद्यावर बसला आणि काचवाल्याकडे बघून ओरडला. ताई हसली. किती वर्षांनी तो ते हसू ऐकत होता!

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात येईना. ताईची ती निळी बॅग तिच्या खोलीत दाराशीच उभी होती. रोज ती त्यातून कपडे काढायची, धुऊन वाळले की त्यातच ठेवायची. कपाट रिकामं. त्याने मुद्दाम कपाटाची कडी दुरुस्त केली, आत नवा कागद अंथरला. ताई म्हणाली, “छान केलंस.” आणि बॅगेची चेन लावली. आता याचा अर्थ काय घ्यायचा? विचारावं, तर नाही म्हणाली तर? न विचारावं, तर रात्रंदिवस तेच डोक्यात.

दहाव्या दिवसाची सकाळ. ताई स्वयंपाकघरात चहा करत होती, आणि सरकतं दार उघडं ठेवून लहानपणची गोष्ट सांगत होती, धाकट्याने शाळेच्या घंटेचा टोल पळवून विहिरीत टाकला होता ती. तो हसत होता, मधेमधे “अगं, टोल नव्हता तो, हातोडी होती!” म्हणत होता. पहाटेपासून घरात माणसाचा आवाज होता, चहाचा वास होता. खरं सांगायचं तर असा सुखी तो कित्येक वर्षांत झाला नव्हता. गोष्ट संपली. ताई बाहेर आली, पिंजऱ्याचं दार उघडलं. मुकादम सुटला.

टप्.

काचेचे सगळे आवाज त्याला माहीत होते. तडा जातानाचा, फुटतानाचा, कापतानाचा. हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. मुकादम जमिनीवर पडला होता, पंख पसरलेले, चोच उघडी. काचवाल्याने वर बघितलं. काच नव्हती. म्हणजे होती, पण दिसत नव्हती. पट्टे गायब. सगळी भिंत लख्ख, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं धुणंसुद्धा दिसत होतं. आणि त्याच्या हातात ओल्या वर्तमानपत्राचा बोळा होता.

“का पुसलंस रे?” ताई म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मला माहीत नाही, ताई.” तो हातातल्या बोळ्याकडे बघत राहिला. “मी पुसलं?”

नर्सबाई धावत वर आल्या. त्यांनी पक्ष्याला उचललं, फडकं घातलेल्या खोक्यात ठेवलं, झाकणाला भोकं पाडली. “पाणी पाजायचं नाही, हात लावायचा नाही. अंधार आणि शांतता. तासाभरात कळेल काय ते. माझ्याकडे नेते.” खोक्यामागून ताईही खाली गेली. जाताना तिने भावाकडे बघितलंसुद्धा नाही.

काचवाला एकटा उरला. पुन्हा साबण लावावा? पण उद्या सकाळी सात वाजता काय? डोकं म्हणेल राहू दे, आणि हात पुसून मोकळा होईल. पस्तीस वर्षांचा हात तो, त्याला कोण आवरणार? साठ वर्षांचा बाप्या, पण त्याला रडू फुटलं.

तोंड पुसायला फडकं हवं म्हणून त्याने हत्यारांची पिशवी उपसली, तर आतून चुन्याची डबी घरंगळत आली. कामावर नवी काच बसवली की तिच्यावर चुन्याची मोठी फुली मारायची, म्हणजे इतर कामगार तिच्यातून आरपार जायला बघत नाहीत. आणि काम मालकाच्या ताब्यात देताना, सगळ्यात शेवटी, ती पुसायची. हजारो फुल्या त्याने मारल्या होत्या. हमालांसाठी, सुतारांसाठी, रंगाऱ्यांसाठी. आणि आठ दिवस तो गल्लीभर विचारत फिरला! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? पण चुनाही पुसला जातोच. त्याने डबी खाली ठेवली, खिडक्या सताड उघडल्या, आणि माळ्यावरून पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा काढला.

ताई वर आली तेव्हा रस्त्याकडची भिंत पूर्ण झाली होती. पहिल्यांदा मोठ्या फुल्या, मग त्यांच्या मधल्या जागांत लहान फुल्या, पक्ष्याला घुसायला फट दिसू नये अशा. आता तो सरकतं दार रंगवत होता, भावोजी आपटले होते तिथे.

“उठला तो,” ताई म्हणाली. “दाणे टिपतोय. नर्सबाईंना चावला.” मग तिने नाकाला पदर लावला. “वास केवढा येतोय! याने तर तो नक्की मरेल.”

“वास जाईपर्यंत दोन दिवस खालीच राहू दे त्याला. फोन करून विचारलंय मी बाईंना.”

ताई एका काचेजवळ गेली, फुलीला बोट लावलं, बोट पांढरं झालं. “पुसायचं कसं हे?”

“पुसायचं नाही. पुसता येणारच नाही. म्हणून तर हा रंग घेतला.”

“काच दिसली म्हणजे काम फसलं, असं कोण म्हणायचं?”

“मीच,” तो म्हणाला. ब्रशवरून रंगाचा थेंब त्याच्या पायावर पडला. “फसलं, ताई. चुकलं माझं. त्या वेळी भावोजींना हसलो, तेही चुकलं.”

ताई आपल्या खोलीत गेली. दार ओढून घेतलं. आणि आतून बॅगेच्या चेनीचा आवाज आला, लांबलचक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

काचवाल्याचा ब्रश थांबला. चेन उघडताना असाच आवाज येतो आणि लावतानाही असाच. त्याने कान दिला. कपाटाचं दार वाजल्यासारखं वाटलं, पण ते शेजारचंही असेल. हाक मारावी का? मारून म्हणावं काय? पाया पडावं? ताईच्या गाडीची वेळ काय असते? त्याला काही म्हणजे काही सुचेना. म्हणून तो उरलेली फुली पूर्ण करत बसला, आणि ती वाकडी आली.

अर्ध्या तासाने ताई डाव्या हाताने बॅग ओढत बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी केली. चेन लावलेली होती.

“उचल,” ती म्हणाली. “माझ्या मनगटाने होत नाही.”

त्याने ब्रश ठेवला, हात पँटला पुसले. “कुठे नेऊ? रिक्षा बोलवू?”

“तू आधी उचल तर!”

तो गुडघ्यात वाकला, कमरेत जोर आणला, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि सगळी ताकद लावून बॅग खेचली. बॅग रिकामी होती. ती एकदम वर आली आणि काचवाला तोल जाऊन मागे कलंडला, थेट ओल्या रंगाच्या दारावर.

“माळ्यावर टाक,” ताई म्हणाली. “आणि शर्ट काढ तो, पाठीवर फुली उठलीय.”