'सासुरवाडी'चे पुढचे दोन भाग

चार दिवस झाले मेसेज येऊन, आणि या घरात एकानंही मला तो वाचून दाखवला नाही.

नातू म्हणतो, "आजी, इंग्लिशमध्ये होता. मला वाटलं स्पॅम आहे."

माणूस मेल्याची बातमी याला स्पॅम वाटते.

असो. ग्रुपवरच्या सगळ्यांना राम राम. मी सांगतेय, नातू लिहितोय.

डंकन साहेब गेले. स्कॉटलंडला, स्वतःच्या घरात, ऐंशी पार करून. त्यांच्या मुलीनं कळवलंय.

तुमच्यातलं कोणी त्यांना ओळखत नाही. आखातात, धाहरानला तेलकंपनीच्या कॅम्पात मी त्यांच्याकडे स्वयंपाकपाणी बघायची, आमचे हे त्यांची गाडी चालवायचे. मुलं दोन्ही महाडजवळ गावी, सासूबाईंपाशी.

साहेब तेलाच्या कामाला आलेले, पण जीव सगळा त्यांच्याकडच्या नाचाच्या जुन्या चालींत.

चाल एकच असते म्हणे, पण गावागणिक तिचं नाव वेगळं. त्यामुळे शोधायला गेलं की सापडत नाही. साहेबांची एक जाड वही होती. एकेका चालीपुढे पाच-पाच नावं.

त्यातली एक चाल अर्धीच होती.

त्यांची आई तिच्यावर नाचायची. आईच्या गावात तिला 'गिरणीवाल्याची बायको' म्हणत, पलीकडच्या बेटावर 'पुलावरची म्हातारी'. भाग चार, पण आईला येत होते दोनच. पुढचे दोन कुठल्याच नावाखाली मिळेनात.

आणि एक दिवस आमचे हे गाडी पुसता पुसता शिटीवर तीच चाल वाजवत होते.

हे पंधरा वर्षं पलटणीच्या पाइप बँडात होते, बॅगपाइप वाजवायला. तिथल्या चाली गोऱ्यांच्या वेळच्या, एकानं दुसऱ्याला शिकवत आलेल्या. मूळ नाव कुणालाच ठाऊक नाही. बँडात हिला 'सासुरवाडी' म्हणायचे. रजा मिळालेला शिपाई अशीच भरभर पावलं टाकतो म्हणून.

मी तिथल्या तिथे विचारलं, माझ्या माहेरी तुम्ही कधी अशी पावलं टाकलीत हो?

हे हसले. साहेब हसले नाहीत. हातातला चहाचा कप गाडीच्या टपावर ठेवला आणि म्हणाले, "फिर से. पूरा."

ह्यांना चारही भाग येत होते.

ट्रंकेत ह्यांची सरावाची नळी होती, पाइपची पिशवी नसलेली. साहेबांनी टेपरेकॉर्डर लावला. कॅसेटच्या एका बाजूला आधीच त्यांचं स्वतःचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, भरलेलं होतं. दुसऱ्या बाजूला ह्यांनी वाजवलं. आधी पहिले दोन भाग, मग पुढचे दोन.

मग एक्क्याण्णवची ती आखाती लढाई लागली.

साहेब दोन दिवसांसाठी म्हणून रियाधला गेले ते तिथूनच त्यांना मायदेशी पाठवलं. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्येच राहिली.

आम्ही कुठे जाणार? खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराखाली ओला टॉवेल. भोंगा वाजला की विषारी वायूच्या भीतीनं तोंडाला तो रबरी मास्क. एकदा जवळच काहीतरी पडलं आणि भांडी मांडणीवरून खाली आली.

गावी रेडिओवर धाहरानचं नाव ऐकून मुलांनी जेवण टाकलं होतं. फोन लागत नव्हता. दुसऱ्याच्या हातून पत्र लिहून घेण्यापेक्षा मी कॅसेट भरून पाठवायची. आम्हा बायकांची तीच पद्धत.

पोलादपूरचा एक ड्रायव्हर जेद्दाहमार्गे घरी निघाला होता. दारात गाडी चालू ठेवून उभा. दुकानं बंद. कोरी कॅसेट घरात नाही.

हे बाहेर कामाला गेलेले. मी साहेबांची कॅसेट घेतली.

तीत काय आहे ते मला पुरतं माहीत होतं. साहेबांच्या वस्तूला हात लावायचा नाही, म्हणून मी फिडलची बाजू सोडली आणि नवऱ्याची बाजू घेतली.

"आम्ही दोघं जिवंत आहोत, पोरांनो जेवा." एवढंच सांगायचं होतं. अर्धं मिनिट.

तिथे थांबले असते तर पुढचे दोन भाग वाचले असते.

पण मी थांबले नाही. सासूबाईंनी माझं तांब्याचं तपेलं मला न विचारता नणंदेला दिलं होतं. त्यावरून मी अर्धा तास भांडले. डोक्यावर मरण, दारात गाडी, आणि मी तपेल्यावरून भांडतेय.

बाजू संपेपर्यंत.

ह्यांना बोलले नाही. म्हटलं, साहेब आले की पुन्हा वाजवून घेऊ. त्याच उन्हाळ्यात हे गेले. छातीत कळ आली आणि खलास.

गावी आल्यावर ती कॅसेट लावली. ह्यांचा आवाज तरी ऐकावा म्हणून. अख्खी ऐकली. मी आणि माझं तपेलं. मध्ये एक फुंकर नाही.

साहेबांचं पत्र आलं, कॅसेट आहे का? मी पुतणीकडून लिहून पाठवलं, सामानात हरवली.

त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. दर नाताळात कार्ड. खाली एकच ओळ, नवऱ्याच्या बँडातलं कोणी भेटलं का?

मी कधी कुणाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर कॅसेटचं काय झालं ते सांगावं लागलं असतं.

साहेबांची मुलगी लिहिते, दफनाच्या वेळी पाइपवाल्यानं तीच चाल वाजवली. पुढचे भाग शेवटपर्यंत मिळाले नाहीत, म्हणून पहिले दोनच दोनदा वाजवले.

साहेब, कॅसेट हरवली नव्हती. मी पुसली. तुम्ही विचारत राहिलात आणि मी गप्प बसले. जा सुखानं.

पहिले दोन भाग मुलीनं पाठवलेत, खाली लावलेत. नाव तुमच्याकडे वेगळं असेल. नावाकडे बघू नका, चाल ऐका.

ज्यांच्या घरात पलटणीत पाइप वाजवलेला माणूस आहे, त्यांनीच उत्तर द्यायचं. म्हातारा असेल, दात नसतील, तर गुणगुणून घ्या. तिसरा आणि चौथा भाग.

बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं टाकायची नाहीत.