रात्रीचं गवत

खानदेशातून सुरतेला आल्यावर माझा नवरा स्टेशनवर टांगा हाकायचा. तांबडा आणि पांढरा अशा दोन्ही घोड्यांना मिळून तो रात्री एकच पेंढी गवत टाकायचा. "जास्त खाल्लं की सुस्तावतात," म्हणायचा. एका पहाटे तांबड्याने पांढऱ्याची मान चावून फाडली. रक्त पाहून नवरा त्याला चाबकाने झोडपत सुटला. तांबड्याने उलटून लाथ घातली आणि नवऱ्याचा गुडघा फुटला. जमिनीवर लोळत तो ओरडला, "कुऱ्हाड आण, मारूनच टाकतो याला!"

मी आतून गवत आणलं. दोघांपुढे वेगवेगळे ढीग घातले. ते खाऊ लागले.

नवरा लंगडाच राहिला. पुढे चारा मीच घातला. सकाळी मूठभर तरी उरेल, एवढा.